मानाची भिंत

माहूरच्या एखाद्या शाळेत असा प्रसंग सहज घडू शकेल. शाळेची लांब पडवी नुकतीच रंगवून झाली आहे. तिच्या एका भिंतीवर थोर क्रीडापटूंची चित्रे लावावीत असे ठरले आहे. भिंत मोजून पाहता तिच्यावर आठच चित्रे नीट मावतात. सातवीच्या वर्गाने नावे सुचवावीत, असे गुरुजी सांगतात आणि वर्गात एकच गलबला उडतो. नावे निघतात पंचवीस आणि जागा मात्र आठ! कोणाला ठेवावे आणि कोणाला वगळावे?

हा प्रश्न वरवर पाहता पोरखेळाचा वाटेल. वस्तुतः तो तसा नाही. मोठमोठ्या संस्थांना, इतकेच नव्हे तर सरकारांनाही, त्याने बुचकळ्यात टाकले आहे. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड नावाचे एक शहर आहे. तेथे १८९१ च्या डिसेंबर महिन्यात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने बास्केटबॉलचा खेळ शोधून काढला. हिवाळ्यात मैदानावर खेळणे अशक्य होते, तेव्हा त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि आपल्या अठरा विद्यार्थ्यांचे दोन संघ पाडून त्यांना खेळायला लावले. त्याच शहरात आज या खेळाचे कीर्तिमंदिर उभे आहे. १९५९ पासून तेथे मानकऱ्यांची निवड होत आली आहे. एखाद्याचे नाव तेथे कोरले जायचे असेल, तर चोवीस जणांच्या मंडळापैकी निदान अठरा जणांनी त्याला कौल द्यावा लागतो. इतका कडक नियम असूनही दरवर्षी निवड जाहीर झाली, की ‘अमुक राहिला’, ‘तमुक उगाच आला’ अशी चर्चा रंगल्यावाचून राहत नाही. मग माहूरच्या वर्गात गलबला झाला, तर त्यात नवल ते काय?

वर्गातील पहिला पक्ष हिशेबी आहे. तो म्हणतो, “वाद कशाला? ज्याची पदके अधिक, धावा अधिक, गोल अधिक, त्याचे चित्र आधी लावावे.” या पक्षाचे म्हणणे सोपे आहे आणि काही अंशी खरेही आहे. मेजर ध्यानचंद यांच्या नावाला कोण हरकत घेईल? १९२८, १९३२ आणि १९३६ अशा लागोपाठ तीन ऑलिंपिक स्पर्धांत हॉकीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघांत ते होते. सचिन तेंडुलकर यांच्या नावालाही कोणी विरोध करणार नाही. ही दोन चित्रे भिंतीवर विनातक्रार चढतील. मात्र या दोघांविषयीदेखील देशात एकदा मोठा वाद झाला होता. भारतरत्न हा सन्मान पूर्वी कला, वाङ्मय, विज्ञान आणि लोकसेवा यांच्यासाठीच होता. २०११ मध्ये त्याचे दार सर्व क्षेत्रांना खुले झाले. २०१४ मध्ये तेंडुलकर हे त्या सन्मानाचे पहिले क्रीडापटू मानकरी ठरले, तेव्हा ‘ध्यानचंद आधी का नव्हेत?’ असा प्रश्न अनेकांनी विचारला. धावा आणि गोल यांची बेरीज करून त्याचे उत्तर निघत नाही. खेळ वेगळे, काळ वेगळा; मण आणि गज एकाच मापाने कसे मोजावेत?

हिशेबी पक्षाची खरी परीक्षा मात्र पुढच्या नावापाशी होते. ते नाव आहे खाशाबा जाधव. एक विद्यार्थी उठून म्हणतो, “त्यांचे तर एकच पदक, आणि तेही कांस्य!” बोलणे असत्य नाही. पण त्या एका पदकाची कथा नीट ऐकल्याशिवाय त्याचे मोल ठरवणे घाईचे होईल.

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल असल्यामुळे लाल मातीचा लळा त्यांना लहानपणीच लागला. देहयष्टी लहानखुरी होती. पण अंगात विजेची चपळाई होती. १९४८ मध्ये ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले, ते कोल्हापूरच्या महाराजांनी केलेल्या साहाय्यावर. तेथे त्यांच्यापुढे एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. जन्मभर ते मातीत लढले होते. मातीत पाय रुततो, तेथे जोर धरण्याची रीत निराळी आणि जय-पराजयाचा नियमही निराळा. लंडनमध्ये लढावयाचे होते गादीवर. गादीवर पाय रुतत नाही, गुण मोजले जातात आणि परीक्षकांची दृष्टीही वेगळी असते. मातीतल्या मल्लाला गादीवर उभे करणे म्हणजे नदीत पोहणाऱ्याला समुद्रात सोडण्यासारखेच होय. तरीही खाशाबा आपल्या वजनगटात सहावे आले.

पुढली चार वर्षे त्यांनी त्या गादीचाच ध्यास घेतला. १९५२ मध्ये फिनलंड देशातील हेलसिंकी येथे ऑलिंपिक व्हावयाचे होते. या वेळी प्रश्न उभा राहिला तो पैशाचा. गावकऱ्यांनी वर्गणी दिली, दुकानदारांनी यथाशक्ती हातभार लावला; तरीही रक्कम पुरी होईना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळी सात हजार रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे. आपला विद्यार्थी जिंकेल याची खात्री त्यांना कोण देणार होते? तो हरला असता, तर घरही जाण्याची भीती होती.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो वजनगटात लढले. एकामागून एक प्रतिस्पर्धी त्यांनी नमवले. शेवटच्या टप्प्यावर जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव्ह असे दोन बलाढ्य मल्ल त्यांच्या वाट्याला आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. परंतु त्यांची बाजू मांडण्यास तेथे आपला एकही अधिकारी हजर नव्हता, आणि थकलेल्या अंगाने त्यांना पुन्हा गादीवर उतरावे लागले, असे सांगतात. त्या दोन्ही लढती ते हरले. इशीला सुवर्ण आणि मम्मदबेयोव्हला रौप्य मिळाले. खाशाबांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. गावी परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. पण खाशाबांच्या मनात त्या वेळी दुसरीच गोष्ट होती. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, त्यांत स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले.

आता त्या एका कांस्यपदकाकडे पुन्हा पाहावे. त्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते १९९६ मध्ये, लिएंडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवलेले. मध्ये ४४ वर्षे गेली. कुस्तीतील दुसरे पदक तर २००८ मध्ये सुशील कुमार यांनी आणले. म्हणजे ५६ वर्षांनी. सबंध देशाला जे करण्यास इतका काळ लागला, ते गोळेश्वरच्या एका तरुणाने वर्गणीच्या पैशांवर करून दाखवले होते. पदक कोणत्या धातूचे, एवढेच पाहणाऱ्याच्या नजरेतून ही गोष्ट निसटून जाते. खेळाडू कोठवर पोहोचला हे पाहताना तो कोठून निघाला होता, हेही पाहावयास हवे. माहूरच्या मुलांना हे वेगळे सांगावयास नको. रेणुकेच्या गडावर पायी चढून आलेला म्हातारा यात्रेकरू आणि बराचसा रस्ता वाहनाने आलेला प्रवासी हे दोघेही देवळाच्या दारात एकाच उंबऱ्यावर उभे असतात. परंतु दोघांनी केलेली चढण एकच होती, असे कोणी म्हणत नाही.

यावर हिशेबी पक्ष गप्प बसणार नाही, आणि त्याने बसूही नये. त्याचा आक्षेप असा : “कष्टच मोजावयाचे, तर कष्ट कोणी केले नाहीत? अनवाणी पळणारा, उपाशी राहून सराव करणारा, शेतात राबून तालमीत जाणारा असा प्रत्येक जण भिंतीवर हक्क सांगेल. मग आठ कशाला, आठशे चित्रे लावावी लागतील.” आक्षेप चोख आहे. नुसत्या हालअपेष्टा म्हणजे कर्तृत्व नव्हे. हाल सोसणाऱ्याविषयी सहानुभूती वाटावी, हे माणुसकीला धरूनच आहे; परंतु मानाची भिंत ही सहानुभूतीची जागा नाही. म्हणून कष्ट एकटे मोजू नयेत आणि यशही एकटे मोजू नये. त्या माणसाच्या यशामुळे त्याच्या मागून येणाऱ्यांची वाट मोकळी झाली काय, हे विचारावे. खाशाबांच्या बाबतीत याचे उत्तर स्पष्ट आहे. मातीतला खेडवळ मल्ल जगाच्या गादीवर टिकू शकतो, ही गोष्ट त्यांच्याआधी कोणी सिद्ध केली नव्हती.

स्प्रिंगफील्डच्या कीर्तिमंदिरालाही अखेर हाच मार्ग पत्करावा लागला. चक कूपर नावाचा एक कृष्णवर्णीय खेळाडू होता. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेत काळ्या वर्णाच्या खेळाडूंना पूर्वी स्थान मिळत नसे. १९५० मध्ये बॉस्टनच्या संघाने कूपरची निवड केली आणि खेळाडूंच्या वार्षिक निवडीत स्थान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. तो सहा हंगाम खेळला. त्याच्या नावावर गुणांचे डोंगर नाहीत; नुसती आकडेवारी पाहिली, तर तो एक बेताचा खेळाडू वाटेल. पण संघाबरोबर प्रवास करताना ज्याला कित्येक उपाहारगृहांत आणि हॉटेलांत मज्जाव होत असे, त्याने चेंडू किती वेळा जाळीत टाकला एवढेच मोजणे हा न्याय म्हणावा काय? २०१९ मध्ये त्याचे नाव कीर्तिमंदिरात कोरले गेले. मात्र तो सोहळा पाहण्यास कूपर नव्हता. त्याला जाऊन ३५ वर्षे झाली होती.

खाशाबा १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. कूपरच्या मृत्यूचे सालही १९८४ हेच. दोन खंडांतले हे दोघे, एकमेकांचे नावही त्यांना बहुधा ठाऊक नसेल. पण दैवगती सारखी. क्रीडापटूंसाठी अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ मध्ये. त्यानंतर २३ वर्षे खाशाबा हयात होते. पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून शिरून त्यांनी वरच्या पदापर्यंत चाकरी केली आणि ते निवृत्तही झाले. त्या २३ वर्षांत ना त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, ना हयातीत एखादा पद्म पुरस्कार. मरणोत्तर अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो २००० सालचा. पुढे दिल्लीतील एका कुस्ती क्रीडागृहाला त्यांचे नाव मिळाले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा महाराष्ट्राने राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला. हे सारे चांगले झाले. परंतु ज्याच्या कानांवर त्या टाळ्या पडावयास हव्या होत्या, त्याच्यापर्यंत त्या पोहोचल्या नाहीत.

मुरलीकांत पेटकर यांच्या बाबतीत निदान एवढे तरी बरे घडले. सैन्यातील हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि त्याचे अर्धे शरीर लुळे पडले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोहण्याची ५० मीटरची शर्यत जिंकली. या स्पर्धांतील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. ४६ वर्षांनी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. अर्जुन पुरस्कार त्यानंतरचा. तो त्यांनी २०२५ च्या जानेवारीत स्वतःच्या हातांनी स्वीकारला. या दोन सन्मानांचा उशीर कोणालाही समर्थनीय वाटणार नाही. तरी तो मरणाच्या अलीकडचा होता, हे काय थोडे झाले?

आता पुन्हा माहूरच्या वर्गाकडे वळावे. खाशाबांचे चित्र भिंतीवर लावण्यास बहुतेकांनी संमती दिली, असे धरू. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी विचारते, “मग प्राचार्य खर्डेकरांचे काय?” सारा वर्ग हसतो. प्राचार्यांनी कोठे कुस्ती मारली होती? पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यांनी घर गहाण टाकले नसते, तर हेलसिंकीच्या गादीवर खाशाबा दिसलेच नसते. स्प्रिंगफील्डला हा प्रश्न पहिल्याच वर्षी पडला होता आणि त्याचे उत्तर त्यांनी उदार मनाने दिले. तेथे खेळाडूंबरोबरच प्रशिक्षक, पंच आणि खेळाला हातभार लावणारे यांनाही मान मिळतो. एवढेच नव्हे, तर १८९१ मध्ये तो पहिला सामना खेळलेल्या अठरा विद्यार्थ्यांना १९५९ मध्ये एक संघ म्हणून कीर्तिमंदिरात एकत्र स्थान मिळाले. अठरा जणांची मिळून एक जागा! माहूरच्या भिंतीवर जागा थोडी असेल, तर तिलाही ही तोड चालण्यासारखी आहे. खाशाबा आणि त्यांचे प्राचार्य एकाच चौकटीत का असू नयेत? एकाचे पदक आणि दुसऱ्याचे घर यांची गाठ त्या दोघांनी स्वतःच मारून ठेवलेली आहे.

गुरू आणि खेळाडू एकाच व्यक्तीत सापडल्याचे उदाहरण तर माहूरहून फार दूर नाही. लातूर जिल्ह्यातील हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. स्वतःची कुस्ती संपल्यावर त्यांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरांना डावपेच शिकवण्यात आयुष्य घालवले. लातूरकडचेच काका पवार हे त्यांचे शिष्य. त्यांनी पुढे अर्जुन पुरस्कार मिळवला. बिराजदारांना २००६ मध्ये ध्यानचंद पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये ते निवर्तले. पाच वर्षे का होईना, मान त्यांनी अनुभवला. मराठवाड्यातील भिंतीवर या मल्लाला जागा नसेल, तर ती भिंत पुन्हा एकदा रंगवलेली बरी!

येथवर वर्गाचे एकमत होत आले असताना शेवटचा वाद पेटतो, आणि तोच सर्वांत अवघड आहे. नांदेड जिल्ह्यातीलच भाग्यश्री जाधव चाकांच्या खुर्चीतून गोळाफेक करतात. २०२४ मध्ये पॅरिस येथे दिव्यांगांच्या ऑलिंपिकच्या उद्घाटनाला भारताचा ध्वज घेऊन पुढे असणाऱ्या दोघांपैकी त्या एक होत्या. दुसरे होते भालाफेकपटू सुमित अंतिल. ज्या जिल्ह्यात माहूर आहे, त्या जिल्ह्याची लेक साऱ्या देशाचा झेंडा हाती घेते, याचा अभिमान वर्गाला वाटणे अगदी साहजिक आहे. मुले एका सुरात म्हणतात, “त्यांचे चित्र सर्वांच्या आधी!” हिशेबी पक्षातील एखादा हळूच आठवण करून देतो, की त्या स्पर्धेत त्या पाचव्या आल्या, पदक मिळाले नाही. त्याच्यावर सगळे तुटून पडतात.

वर्गाचा अभिमान रास्त आहे. पण निर्णय घाईचा आहे. आपल्या जिल्ह्याची म्हणून एका व्यक्तीला जागा दिली, तर दुसऱ्या जिल्ह्यातील मुलांनी आपल्या भिंतीवर आपल्याच माणसांची गर्दी केली म्हणून नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. शिवाय ज्या खेळाडूचा खेळ अजून चालू आहे, त्याचा हिशेब आजच कसा पुरा करावा? अर्ध्या डावावर निकाल सांगणारा पंच कोणालाही आवडत नाही. स्प्रिंगफील्डमध्येदेखील खेळाडू निवृत्त झाल्यावर काही काळ लोटू देतात आणि मगच त्याचे नाव विचारात घेतात. लोकांच्या डोळ्यांपुढची ताजी झळाळी ओसरल्यावर माणसाची उंची खरी कळते. खेळ संपेपर्यंत थांबावे, हा नियम शहाणपणाचा आहे. आयुष्य संपेपर्यंत थांबावे, हा मात्र कोणताच नियम नव्हे. खाशाबांच्या आणि कूपरच्या वेळी लोक या दोहोंतील अंतर विसरले.

तेव्हा भाग्यश्री जाधव यांचे चित्र आज लावू नये, असेच म्हणावे लागेल. त्या अजून गोळा फेकणार आहेत. चित्राला अवकाश आहे. पण त्या आपल्याच जिल्ह्यातील आहेत. चित्र लावण्यापूर्वी वर्गाला करता येण्याजोगी एक गोष्ट उरतेच. आज दुपारी मराठीच्या तासाला सर्वांनी मिळून एक पत्र लिहावे, शाळेत येण्याचे आमंत्रण द्यावे, आणि त्या आल्या तर खुर्ची पडवीपर्यंत सुखाने यावी म्हणून पायऱ्यांशेजारी एक उतार बांधून घ्यावा.